साडेसहा अंश

रविवारी रात्री अकराला चंद्रामागून इंजिन पेटवलं.
वेळ पुढे पळवायचं बटण होतं, ते दाबलं नाही.
पप्पा, सगळे दाबतात, प्रांजल म्हणाली,
तीन दिवस काळोख कोण बघत बसतं?
म्हटलं, राहू दे.
येणाऱ्याला येऊ दे त्याच्या पायानं.

मग सोमवार, मंगळवार, बुधवार
किसननगरच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी
संगणक गरम होत राहिला.
मी वागळे इस्टेटला पहिली पाळी करून आलो,
गॅसचा नंबर लावला,
प्रमिलानं अठरा ब्लाउजांना हुक लावले,
आणि पृथ्वी पडद्यावर
आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी,
बुधवारी जेवताना चांगली पपनसाएवढी.
लाइट बिल कोण भरणार, प्रमिला म्हणाली,
तुमचा तो चंद्र?

याआधी दोनदा जळालो होतो.
एकदा कोन उथळ पडला.
लहानपणी तलावपाळीला आम्ही खापरीनं भाकऱ्या काढायचो,
तशी माझी एकच भाकरी काढून
हवेनं मला परत बाहेर फेकलं.
अजूनही तिकडेच कुठे तरी फिरत असेन.
साडेसहा अंश. तेवढीच फट.

हे खरं तर भट्टीवर आधीच शिकवलेलं.
टेमकर मास्तर सांडशीत गिअर धरून म्हणायचे,
लोखंड काय, कुणीही तापवतो.
निववायला अक्कल लागते.
तेलात सोडताना शाफ्ट जरा तिरका गेला
की वाकलाच.
कधी चीर जाते, आणि तिचा आवाज
रात्री घरी येतो तुमच्याबरोबर.
रंग ओळखा:
आधी कोकमी, मग झेंडू, मग पांढरा.
पांढऱ्याकडे बघायचं नाही.
मास्तर स्वतः बघत आले. शेवटी शेवटी
डाव्या डोळ्यानं त्यांना मीही दिसायचो नाही.

गुरुवार, पहाटेचे चार.
उंची एकशे वीस किलोमीटर,
वेग सेकंदाला अकरा,
म्हणजे रिक्षावाला मीटर पाडेपर्यंत कल्याण.
खिडकीत कोकमी आला.
मग झेंडू.
मग पांढरा, आणि मी सवयीनं मान वळवली.
आकडा म्हणत होता, तुमचं वजन सातपट.
प्लॅस्टिकच्या खुर्चीला त्यातलं काही कळलं नाही,
पण टेबलाची कड मी इतकी दाबली होती
की बोटांवर वळ.
रेडिओ आधी खरखरला, मग गेला.
चार मिनिटं कुणाशी बोलणं नाही.
वाटलं होतं, निदान या चार मिनिटांत आठवणार नाही
की दिवाळीनंतर कंपनी चाकणला जातेय
आणि यादीत बावन्नच्या वरचं कुणी नाही.
आठवलं.

मग पांढरा उतरला.
झेंडू. कोकमी. काळा.
कुठेही चीर नाही.

तीन छत्र्या उघडल्या, लाल-पांढऱ्या,
मांडववाल्याच्या कापडासारख्या.
खाली समुद्र, एकाच निळ्याचा,
लाट नाही, होडी नाही.
जाताना ठाण्याची खाडी शोधली होती वरून:
एक राखाडी रेघ,
तिच्यावर ना खारफुटी, ना कळव्याचा पूल,
ना आम्ही.
हिशेबापेक्षा चाळीस किलोमीटर पलीकडे पडलो.
पण पडलो.

या खेळात न्यायला जहाज येत नाही.
प्रांजलनं सांगितलं होतं, उतरलात की संपलं,
पुढचं कुणी केलेलंच नाही.
तरी मी बंद केला नाही.
त्या सपाट निळ्यावर डुलत बसलो,
कुणी येतंय का बघत,
पाच वाजेपर्यंत.

मग खाली कुणाची तरी मोटर चालू झाली
आणि मोरीतून प्रमिला:
अहो, उठलात का? पाणी आलं.

हो, म्हटलं.
पहिली कळशी उचलली
ती हातातून सुटता सुटता राहिली.
इतकी जड.